अक्काची किडनी आणि आमची भाऊबंदकी

ज्यांच्या किडन्या बिघडल्या आहेत आणि ज्यांच्या घरात "कोण देणार?" हा विषय अजून निघायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांचं सगळं ठणठणीत आहे आणि तरी सल्ला द्यायला जीभ वळवळतेय, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. तुमचं बोलणं मी पाच वर्षं ऐकून घेतलंय. आता माझी पाळी.

मी भडगावचा. जुने ट्रॅक्टर विकत घेतो, उभे करतो आणि विकतो. वडिलांनी मागे ठेवलं ते फक्त नाव, आणि तेही फारसं कुणाला माहीत नव्हतं. पाचोऱ्याच्या गॅरेजमध्ये रॉकेलात नटबोल्ट धुण्यापासून सुरुवात केली. आज इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो की मालक कुठे खोटं बोलतोय. बोलणी करताना समोरच्याचा माल कितीही चांगला असला तरी तोंड वाकडं करायचं, हा माझा धंदा आहे. तापटही आहे. बी.पी.ची गोळी मला डॉक्टरांनी खूप आधी लिहून दिली होती. ती मी मनाला येईल तेव्हा घ्यायचो. ज्यांना बी.पी. आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तीन लॅब

पाय सुजायला लागले. चप्पल काढली की पट्ट्याचा खड्डा तासभर तसाच. जेवणाची चव गेली, अंगाला खाज. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला. क्रिएटिनिन वाढलं होतं. किती, ते सांगत नाही. कारण मी आकडा सांगितला की तुम्ही तुमच्या आकड्याशी तुलना करत बसाल.

मी काय केलं? जळगावला दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिथे थोडं जास्तच निघालं. मग धुळ्याला गेलो. तिथे पाचोऱ्यापेक्षा किंचित कमी निघालं. मला बरं वाटलं. एका ट्रॅक्टरची तीन गिऱ्हाइकं असली की मी ज्याचा भाव मला परवडतो त्याच्याशी बोलतो, तसं मी धुळ्याचा रिपोर्ट धरून बसलो. तोच घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, "हे बघा, कमी आहे."

डॉक्टरांनी तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "वसंतराव, हा बाजारभाव नाही. तिन्ही रिपोर्ट एकच गोष्ट सांगतायत. किडन्या जातायत."

"किती दिवसांत?"

"ते तुम्ही काय करता त्यावर आहे."

मी काय केलं, तर साक्रीकडच्या एका काढेवाल्याकडे गेलो. माणूस पाटावर मांडी घालून बसला होता, समोर लोकांची रांग. म्हणाला, किडनी धुऊन काढतो. मी इतका हुशार माणूस! ज्याने मला गंजलेला गिअरबॉक्स नवा म्हणून दाखवला असता तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं, त्याचा काढा मी दोन महिने नाक दाबून प्यालो. किडन्या धुतल्या गेल्या, एवढं खरं. पार वाहून गेल्या. एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या दम लागला तो थांबेना. बायकोने, मंगलाने, गाडी काढायला लावली. जळगावला पोहोचल्यावर थेट डायलिसिसच्या मशीनवर.

केळी

डायलिसिस म्हणजे आठवड्यातले तीन दिवस विकून टाकलेले. सकाळी भडगावहून निघायचं, हातात दोन जाड सुया, चार तास छताकडे बघायचं, घरी येऊन मेल्यासारखं पडायचं. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतो तोच तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. पाणी मोजून. जळगावच्या मे महिन्यात तांब्याकडे बघायचं आणि बर्फाचा एक खडा गालात धरायचा. तहान म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

आणि केळी बंद. किडनी चालत नसलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठतं, केळ्यात ते भरपूर असतं, आणि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. नर्सने पहिल्या दिवशी सांगितलेली ही गोष्ट. आता आमच्या जिल्ह्यात आजाऱ्याला भेटायला जाताना माणूस काय नेतो? रावेरकडचे पाहुणे आले, केळ्यांची फणी. यावलचे आले, फणी. एक जण तर अख्खा घड गाडीच्या टपावर बांधून आला. "आपल्या बागेतली आहेत, खा, ताकद येईल." मंगलाने एकाला समजावून सांगितलं तर म्हणतो, "अहो वहिनी, केळ्याने कुणी मरतं का? आम्ही जन्मभर खातोय."

शेवटी मी अंथरुणातूनच ओरडलो, "मारायचंच असेल तर पिकलेली तरी आणा, ही कच्ची आहेत!"

त्या माणसाने फणी उचलली आणि खरंच बघायला लागला, कच्ची आहेत का.

भेटायला येणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे. रिकाम्या हाताने या, दहा मिनिटं बसा, आजाऱ्यासमोर पाणी पिऊ नका, आणि जा.

प्रकाश

डॉक्टर म्हणाले, अजून वय आहे, प्रकृती आहे, ट्रान्सप्लांट करून घ्या. मंगलाचा रक्तगट जुळेना. ती रडली, मी तिलाच रागावलो. का रागावलो ते विचारू नका. मुलीच्या पोटात मूल होतं, तिचं नावही मी काढू दिलं नाही. उरला धाकटा भाऊ प्रकाश.

प्रकाश स्वतःहून पुढे आला, हे मी कबूल करतो. नाना म्हणजे आमचे चुलते, भाऊबंदकीतले सगळ्यात मोठे. त्यांच्या ओट्यावर दहा माणसांसमोर प्रकाश छाती ठोकून म्हणाला, "भाऊसाठी एक काय, दोन्ही देईन." दहाही माणसांच्या डोळ्यांत पाणी. तपासण्या झाल्या. जुळलं. नाशिकच्या दवाखान्यात कॅमेऱ्यासमोर दोघांची मुलाखत व्हायची होती, कारण किडनी कुणी दबावाखाली देत नाही ना, विकत नाही ना, हे सरकारला बघावं लागतं.

मुलाखतीच्या दिवशी प्रकाशचा फोन बंद. घरी कुलूप. मी दवाखान्याच्या बाकावर, शेजारी मंगला, आणि समोर ती खुर्ची जिच्यावर तो बसणार होता. तिकडच्या बाईंनी तीन वेळा विचारलं, "तुमचे बंधू येतायत ना?" धंद्यात सौदा मोडणारे मी शेकड्याने पाहिलेत. मोडताना माणूस समोर येऊन मोडतो, निदान चहा तरी पितो.

चार दिवसांनी आला. ओंकारेश्वरला गेला होता. हातात प्रसादाची पुडी.

"भाऊ, तुझ्यासाठी नवस बोललो."

"प्रकाश," मी म्हणालो, "मी किडनी मागितली होती. हे चणे-फुटाणे कुठे बसवायचे ते डॉक्टरांना विचारून येतोस का?"

"सासरवाडीचे लोक ऐकेनात. मला दोन पोरं आहेत."

"मग हे ओट्यावर का नाही सांगितलंस?"

मला राग त्याने नाही म्हटल्याचा नाही. नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि दवाखान्यातले लोक तर देणाऱ्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगतात की अजूनही नाही म्हणा. तो तिथे तेवढं म्हणाला असता तरी मी त्याला पाठीशी घातलं असतं. राग आहे तो टाळ्या घेऊन पळून गेल्याचा. आणि त्याहून जास्त राग त्या दहा माणसांचा, कारण प्रकाश परतल्यावर तेच म्हणू लागले, "पोराबाळांचा विचार केला, शहाणा निघाला." त्या दहातला एकही रक्त तपासायलासुद्धा आला नाही. तपासणीत फक्त एक सुई टोचतात.

अक्का

माझी मोठी बहीण साक्री तालुक्यात दिलेली. डोंगराच्या कडेला कोरडवाहू जमीन, चार शेळ्या, दाजी मितभाषी. अक्काला मी विचारलंच नव्हतं. परक्या घरी दिलेल्या बहिणीकडे अवयव मागायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिला साक्रीच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की प्रकाश पळाला. दुसऱ्या दिवशी एसटीने भडगावात. दारात पिशवी ठेवली, पाणी मागितलं, माझ्यासमोर पिणार तेवढ्यात माझ्याकडे बघितलं आणि तांब्या घेऊन आत गेली. आत जाऊन प्याली.

बाहेर येऊन तिच्या अहिराणीत म्हणाली, "मनं रगत तपासा."

"अक्का, दाजींना विचारलंस का?"

"ईचारं. त्या म्हने, किडनी तुनी शे, माले काय ईचारस?"

तिच्या सासूने मात्र गाव डोक्यावर घेतलं. दाजी सही करायची वेळ आली तेव्हा नाशिकला आले, सही केली, आणि शेळ्या शेजाऱ्याकडे ठेवल्यात म्हणून रात्रीच्या गाडीने परत गेले.

मुलाखतीत साहेबांनी अक्काला विचारलं, भावाने तुम्हाला पैसे किंवा दुसरं काही कबूल केलंय का? अक्का हसायलाच लागली. "हाऊ? हाऊ माले भाऊबीजनी साडी देस, ती बी दुकानदारसंगे भांडीसन. हाऊ काय पैसा दी!" कॅमेरा चालू होता. साहेबांनी खाली बघून लिहिलं. मी तेवढ्यापुरता जगातला सगळ्यात चिक्कू भाऊ ठरलो आणि आमची परवानगी झाली.

वॉर्ड

ऑपरेशनची आदली संध्याकाळ भीतीची असते. ती नाही असं जो सांगतो तो खोटारडा. मला माझ्या मरणापेक्षा एक वेगळी भीती होती. अक्का चांगली चालती बोलती बाई. तिला माझ्यासाठी फाडणार, आणि ती किडनी माझ्या अंगाने घेतली नाही तर? दोन माणसं अर्धी करून हाती काय?

शुद्धीवर आलो तेव्हा नर्स लघवीची पिशवी उचलून डॉक्टरांना दाखवत होती. माझी लघवी! कित्येक महिन्यांनी. लोक सोन्याकडे बघतात तसे तिघे जण त्या पिशवीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मला पाणी प्यायला सांगितलं, भरपूर. हात ग्लासापर्यंत जाऊन थांबला. नर्स म्हणाली, "प्या हो काका, आता कुणी मोजत नाही." मी प्यालो आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच दिवशी अक्का पोट धरून, वाकून, हळूहळू चालत काचेपर्यंत आली. आत यायची परवानगी नव्हती. काचेवर बोटाने टकटक करून तिने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं आणि मान हलवून विचारलं, चालतेय का? मी अंगठा दाखवला. माझ्या जुन्या दोन्ही किडन्या काढत नाहीत, त्या आतच वाळत राहतात. नवी पुढे, उजव्या बाजूला, मांडीच्या वर बसवतात. हात ठेवला तर कळते. अजूनही मी ठेवतो.

गॅरंटी

सुट्टी देताना मी डॉक्टरांना विचारलं, "किती वर्षं चालेल?"

"अभ्यास झालेत, होतायत. बऱ्याच जणांची अनेक वर्षं चालते. काहींची लवकर बंद पडते. तुमची कुठली, हे आज सांगितलं तर मी खोटा."

"अंदाजे?"

"अंदाज तुमच्या हातात आहे. गोळ्या वेळेवर, शिळं आणि उघड्यावरचं खाणं नाही, गर्दी टाळायची. आणि बी.पी. तुमचा स्वभाव मी वॉर्डात ऐकलाय, वसंतराव. दोन मजले खालीही ऐकू येत होता. बी.पी. चढलं की ही किडनी झिजणार. पहिल्या दोनसुद्धा तुम्ही तशाच घालवल्यात."

आयुष्यात गॅरंटी न देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायची माझी ही पहिली वेळ.

पुढे तपासणीला गेलो की एक तरुण डॉक्टर मुलगी भेटायची. ट्रान्सप्लांट झालेल्यांचं पुढे काय होतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. मला म्हणाली, भाग घ्याल का?

"मला काय मिळणार?"

"तुम्हाला काही नाही. तुमच्यानंतर येणाऱ्यांना कळेल."

इतका वाईट सौदा मला कुणी सांगितला नव्हता. मी हो म्हणालो. तिचे प्रश्न मात्र नमुनेदार. "घरच्यांचा आधार मिळतो का? कधीच नाही, कधी कधी, नेहमी." मी विचारलं, "घर म्हणजे कोणतं? राहतं, की भाऊबंदकी?" ती बिचारी पेन धरून बसली. मग मीच विचारलं, "तुमच्या सगळ्या प्रश्नांत माझी बहीण कुठे आहे?"

"देणाऱ्यांचा अभ्यास वेगळा असतो. पण ते तपासणीला येतच नाहीत, काका. बरं वाटतं, मग कशाला यायचं, म्हणतात. त्यामुळे त्यांच्याबद्दल आम्हाला कमी कळतं."

हे मला लागलं. बाहेर येऊन आधी अक्काला फोन लावला. "माले काय व्हयनं?" म्हणाली. मी ऐकलं नाही. देणाऱ्याचीही दरवर्षी लघवी, रक्त, बी.पी. बघावं लागतं. ज्याच्या पोटात बहिणीची, आईची, बायकोची किडनी आहे त्याने हे स्वतः करून घ्यावं. ती आपणहून येणार नाही. तिला आधी शेळ्या दिसतात.

मूठ

वर्ष उलटून श्रावण आला. अक्काची धुळ्याला तपासणी करून, सगळं ठीक आहे असं ऐकून, मी तिला दोन दिवसांसाठी भडगावला आणलं होतं. नेमके कानबाईचे, आमच्या खानदेशातल्या कुळदेवीचे, दिवस. आमच्याकडे कानबाई नानांच्या घरी बसते. भाऊबंदकी जमते, आणि देवीच्या रोटासाठी गहू मोजले जातात. प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नाना नाव घेतात, मूठ टाकतात. त्या गव्हाचे रोट फक्त भाऊबंदकीने खायचे. लग्न होऊन गेलेल्या मुलीला ते चालत नाहीत, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. आतापर्यंत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी तोंडाला मास्क लावून दाराजवळ, वाऱ्याला बसलो. खायचं नव्हतं, नुसतं नाव ऐकून निघायचं होतं. अक्का आत बायकांत. नानांनी प्रकाशचं नाव घेतलं, मूठ पडली. त्याच्या दोन्ही पोरांची पडली. माझं नाव आलं आणि नानांचा हात टोपलीवरच थांबला.

"वसंत, मनात ठेवू नको. पण चार लोकांत विषय निघालाय."

"कसला?"

नानांनी प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश चटईचे धागे काढत होता. नाना म्हणाले, "अक्का आता आपल्या कुळाची नाही. तिचा अवयव तुझ्यात आहे. मग तुझी मूठ धरायची की नाही, यावर देवीचा कोप नको म्हणून..."

आधी मला हसू आलं. मग कान गरम झाले.

"नाना, कुळाच्या दोन किडन्या माझ्या पोटात अजून आहेत. काढलेल्या नाहीत. वाळून गेल्यात, कामाच्या नाहीत, नुसत्या जागा अडवून बसल्यात. तुम्ही सगळे या ओसरीत बसलात तशाच. चालते ती एकच, आणि ती तुम्ही म्हणता बाहेरची."

मागून एक जण म्हणाला, "शब्द जपून, भाऊ."

"शब्द? शब्द या प्रकाशने दिला होता, तुमच्याच समोर. त्याची मूठ कशी पडली? त्याच्या तर दोन धरा! दोन्ही किडन्या जागच्या जागी आहेत त्याच्या." मी उभा राहिलो. "माझी मूठ नका धरू. अक्काच्या नावाने धरा. या घरातला एक माणूस जिने जगवला तिच्या नावाने सव्वा मूठ गहू निघत नसतील तर..."

"बाईमाणसाची मूठ नसते," नाना म्हणाले. "कधी नव्हती."

मग मी काय काय बोललो ते मंगलाला विचारा. आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. मास्क हनुवटीवर, मानेची शीर तट्ट फुगलेली, कानात ठोके. समोर नाना तोंड उघडतायत आणि मिटतायत, ऐकू काही येत नाही. असं वाटत होतं की आज हे सगळं एकदाचं फेडून घ्यावं, एकेकाला नाव घेऊन.

अक्का आतून आली. पदराला हात पुसत, बायकांमधून वाट काढत, पुरुषांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिने गव्हाच्या टोपलीकडे पाहिलं नाही, नानांकडेही नाही. माझ्या मानेवरच्या शिरेकडे बघत होती.

"वसंता, चूप."

"अक्का, तुला कळतंय का हे लोक तुला..."

"माले बठ्ठं समजस. माले त्यास्ना रोट नको. तू वरडस, आनि झिजस ती मनी किडनी."

इतक्या वर्षांत मला बोलण्यात कुणी असं जागच्या जागी बसवलं नव्हतं. तिचं म्हणणं बरोबर होतं. ज्यांच्यावर एक ग्लास पाणीसुद्धा मी खर्च करू नये, त्यांच्यावर मी तिची वस्तू खर्च करत होतो.

मी मास्क वर ओढला. चपला घातल्या. अक्का माझ्या पुढे चालायला लागली, आणि मागून नानांनी पुढचं नाव घेतलेलं ऐकू आलं. माझ्या नावाची मूठ टाकली की नाही, ते मी वळून बघितलं नाही.